सोळा सेंताव्हो

आमच्या त्रेलेवमध्ये जून म्हणजे कडाक्याचा हिवाळा,
आणि वारा असा, की शाळेची पाटी
वर्षातून दोनदा नव्याने ठोकावी लागायची.
त्या वाऱ्यातून बाबा घरी यायचे,
लोकर धुण्याच्या कारखान्यातून.
मेंढीच्या चरबीने त्यांचे हात
गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा मऊ झाले होते
आणि त्याची त्यांना जरा लाज वाटायची.

सेन्योरिता एलुनेद पुग यांनी गणित घातलं होतं:
शंभर किलो कच्ची लोकर.
धुताना चाळीस टक्के घट,
मग पिंजताना दहा टक्के.
मी चाळिसात दहा मिळवले,
शंभरातून पन्नास काढले,
आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या,
पट्टी लावून.

बाबांनी वही दिव्याकडे धरली.
"चार किलो कुठे टाकलीस, देल्मीरा?"
मी टेबलाखाली पाहिलं.
खरंच वाकून पाहिलं.

"धुऊन झाली की शंभर संपले.
पिंजणाऱ्या यंत्राला शंभर ठाऊकच नसतात,
त्याच्या तोंडाशी साठ येतात.
साठाचे दहा टक्के, सहा.
चोपन्न उरतात. गाठोडी मीच बांधतो की."
आई विणत होती. वर न बघता म्हणाली,
"चार किलोत आठ स्वेटर होतात,
आणि ही पोरगी ते वजाबाकीत घालवते."

त्याच हिवाळ्यात कारखान्याने
पगार वीस टक्क्यांनी कापला.
ऑक्टोबरात, कातरणीचा हंगाम लागला तेव्हा,
वीस टक्क्यांनी वाढवला.
हिशेबनीस सुबेल्दिया बाकावर चढून म्हणाले,
"वीस गेले, वीस आले. फिट्टंफाट!"
टोप्या उडाल्या. बाबांचीही.
त्या रात्री चहाबरोबर काळा केक होता,
एरवी तो फक्त लग्नात मिळायचा.

तोंडात मनुका घोळवत मी विचारलं,
"वाढवताना यंत्राच्या तोंडाशी किती होते?"

बाबा हसले.
मग हसायचे थांबले.
"ऐंशी."
ऐंशीचे वीस टक्के, सोळा.
शहाण्णव.
आयुष्यभर टक्केटोणपे खाल्लेला माणूस,
चोपन्न किलो ज्याला झोपेतही पाठ,
त्याने आपल्या पगाराचं कधी वजन केलं नव्हतं.
केकचा तुकडा त्यांनी परत बशीत ठेवला,
अगदी हळू,
जणू तोही कुणी मोजून घेणार होतं.

सकाळी माझ्या वहीचं पान ते घेऊन गेले.
खाली त्यांच्या अक्षरात एकच ओळ:
ऐंशीचे शंभर व्हायला पंचवीस लागतात.
सुबेल्दियांनी चष्मा पुसला, पान वाचलं,
पुन्हा चष्मा पुसला.
आठ दिवसांनी फाटकावर कागद लागला:
चूक मान्य. आणखी चार टक्के वाढ.

शहाण्णव आणि चार. पुन्हा टोप्या.
मी वही काढली.
"नको उघडूस," आई म्हणाली.
पण तोवर मी उघडली होती.
शहाण्णवाचे चार टक्के:
तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी.
शंभर पेसोंमागे अजून सोळा सेंताव्हो कमी.

"मिठाची चिमूटसुद्धा येत नाही त्यात, सोड,"
बाबा म्हणाले.
आणि निवृत्त होईपर्यंत
दर पगाराच्या दिवशी पाकीट टेबलावर ठेवून
जोडे काढता काढता म्हणत राहिले,
"सोळा राहिलेत हं."

आता तेच गणित मी घालते,
त्याच शाळेत. पाटी चौथ्यांदा बदललीय.
परवा मागच्या बाकावरच्या लिहुएलने
सगळं नीट सोडवलं, शहाण्णव, मग चौऱ्याऐंशी,
आणि हात वर केला:
"बाई, मग ते सोळा कधी मिळाले?"

खिडकी वाऱ्याने थडथडत होती.
त्याने पट्टी उचललेली पाहून
मी म्हटलं,
थांब,
रेघा नको ओढूस अजून.